दाराच्या रंगाखाली काय आहे?

आज तंजावरला जाऊ या. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. तंजावरची चित्रं तुम्ही पाहिली असतील: लाकडी फळी, तिच्यावर कापड, सोन्याचा वर्ख आणि गडद रंग. आपल्या जुन्या चित्रकारांच्या रंगांत शेंदूर असायचा. शेंदूर म्हणजे शिशापासून केलेला लाल रंग. पण चित्र भिंतीवर उंच असतं, लहान मुलाचा हात तिथे पोचत नाही.

हेच शिसं दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये आलं आणि गोष्ट बदलली. शिशामुळे रंग लवकर वाळतो, जास्त टिकतो. जुना झाला की मात्र पोपडे सुटतात, धूळ होते, आणि रांगतं मूल तोच हात तोंडात घालतं. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या शिसेबाधेचं मूळ घराच्या भिंती आणि व्हरांड्याचे कठडे यांच्या रंगात असल्याचं मांडलं. अमेरिकेने घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद केला. आपला नियम २०१६ चा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. गिब्सन ते आपला नियम, मध्ये ११३ वर्षं गेली!

म्हणजे त्याआधी रंगवलेल्या घराचं काय? डोळ्यांना शिसं दिसत नाही. इथे कामी येतं हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र. ते भिंतीला टेकवून क्ष-किरण सोडतात. शिशाचे अणू उलट आपले ठरावीक ऊर्जेचे किरण देतात आणि यंत्र त्यांवरून शिसं ओळखतं. वरून नवा रंग दिलेला असला तरी खालचा जुना थर बहुधा सापडतो, खरवडावं लागत नाही. जुन्या चित्रांचे रंग तपासायलाही हीच पद्धत वापरतात. एक लक्षात ठेवा: भिंतीवर यंत्र दर चौरस सेंटिमीटरला किती शिसं ते सांगतं, आपला कायदा वजनाचं प्रमाण मोजतो. म्हणून नव्या रंगाचा निवाडा प्रयोगशाळेतच होतो.

तंजावर असो, सातारा असो की इंदूर, जुन्या वाड्याचं दार सणाआधी कोरडंच घासू नका. आधी तपासून घ्या. तपासणी जमलीच नाही, तर त्यात शिसं आहे असं समजून पोरांना दूर ठेवा आणि पृष्ठभाग ओला करूनच काम करा. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.