गुप्तरोगाचा इतिहास आणि गडचिरोलीचा धडा



वसंत व्याख्यानमालेत राजे, किल्ले आणि संत यांवर बोलणे सोपे असते. गुप्तरोगाचे नाव काढले की श्रोते अंग आकसून बसतात. हा संकोच स्वाभाविक आहे. परंतु या रोगांचा इतिहास पाहता, रोगाइतकेच किंबहुना कांकणभर अधिक नुकसान या संकोचाने केले आहे असे दिसते. म्हणून आज त्या इतिहासाचा थोडा मागोवा घेऊ.

1495 मध्ये इटलीतील नेपल्स येथे फ्रेंच सैन्यात उपदंशाची, म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणतात त्या रोगाची, मोठी साथ पसरली. इटालियनांनी त्याला फ्रेंचांचा रोग म्हटले, तर फ्रेंचांनी नेपल्सचा. आपले वैद्यही याला अपवाद नव्हते. सोळाव्या शतकातील भावमिश्राने 'भावप्रकाशा'त त्याचे नाव फिरंगरोग असे दिले. रोग नेहमी दुसऱ्याचा, आपला कधीच नव्हे! ही प्रवृत्ती पुढे देशांवरून माणसांवर आली आणि माणसांत ती बहुधा स्त्रीवर येऊन थांबली.

इंग्रजी अमदानीत तर तिला कायद्याचे रूप मिळाले. गोऱ्या शिपायांत हे रोग फार पसरले, म्हणून 1868 मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी व्हावी, रोगी आढळलेल्या स्त्रीला 'लॉक हॉस्पिटला'त अडकवून ठेवावे, अशी ती योजना. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला मात्र हा कायदा हात लावीत नसे. जोडीतल्या एकालाच तपासून संसर्ग कसा थांबणार? तपासणीच्या भीतीने स्त्रिया लपू लागल्या. अखेर 1888 मध्ये तो कायदा रद्द झाला.

पुढे शास्त्राने आपले काम केले. 1905 मध्ये उपदंशाचा जंतू सापडला, 1906 मध्ये रक्तपरीक्षा निघाली, 1910 मध्ये साल्व्हर्सन हे औषध आले आणि 1943 मध्ये पेनिसिलिनने हा रोग बरा होतो असे सिद्ध झाले. आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हे विषय उघडपणे मांडले, आणि त्यापायी खटलेही सोसले. औषध होते, सांगणाराही होता. प्रश्न उरला तो ऐकणाऱ्याचा आणि विचारणाऱ्याचा.

आता आपल्या झाडीपट्टीकडे वळू. 1982 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. तेथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी 1986 पासून 'सर्च' संस्थेद्वारा काम आरंभले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली व तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांतील 92 स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता. दर स्त्रीमागे सरासरी 3.6 रोग पडत. त्यांतील सुमारे निम्मे जंतुसंसर्गाचे होते. आणि अशी तपासणी यापूर्वी झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ 8!

या आकड्यांचा विपर्यास मात्र होऊ नये. यांतील सर्वच रोग शरीरसंबंधातून येतात असे नाही. बुरशीचा संसर्ग तर कुणालाही होऊ शकतो. आकडे सांगतात ते एवढेच, की अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे समजून गावेच्या गावे मुकाट सोसत होती. सर्वांनाच लक्षणे जाणवत होती असेही नाही. अनेकींना काही त्रास नसताना रोग आढळला. तो तपासल्यावाचून कळणार कसा?

मग तपासणीत दोष निघाला तर काय करावे? पहिली गोष्ट, घाबरू नये आणि जाहिरातीतल्या 'गुप्तरोगतज्ज्ञा'कडे धावू नये. उपदंश, परमा यांसारखे जंतुरोग योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. परंतु परम्याचे जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झाले आहेत, तेव्हा मनाने गोळ्या घेणे घातक. औषधाचा क्रम पुरा करावा. बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडू नये. डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळावा. एक रोग आढळला तर एच.आय.व्ही. व उपदंश यांचीही तपासणी करून घ्यावी. गर्भवतीने तर मुळीच विलंब लावू नये. वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर पोटातले मूल वाचते.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे जोडीदाराला सांगणे. एकट्या पत्नीने औषध घेतले आणि पती तसाच राहिला तर रोग पुन्हा घरात येतो. 1868 च्या कायद्याची जी चूक, तीच घरोघर पुन्हा घडते. येथे 'कुणी आणला' ही चौकशी उपयोगाची नाही. काही रोग लक्षणांवाचून दीर्घकाळ अंगात राहतात, त्यामुळे तारखेचा हिशेब बहुधा लागतच नाही. दोघांनी मिळून दवाखान्यात जावे, हेच शहाणपण.

एच.आय.व्ही. मुळातून जात नाही हे खरे. पण 2004 पासून सरकारी केंद्रांत त्याची औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. 2017 च्या कायद्याने अशा रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक केले असून त्याच्याशी भेदभाव करण्यास मनाई आहे.

जिल्हा रुग्णालयांतून या रोगांचा सल्ला व उपचार मिळतो. आपल्यापैकी कुणाची सून, मुलगी वा कामाला येणारी बाई काही सांगू पाहील, तेव्हा तिला गप्प न करता तेथवर सोबत करावी. वसा-अमिर्झाच्या स्त्रियांनी तपासणीला पुढे येण्याचे धैर्य दाखविले. शहरात राहून आपण त्यांच्या मागे राहू नये.