लाटणे करायला गेलो, भोवरा झाला

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने नवे काही शिकू नये असे कुठल्या शास्त्रात लिहिलेले नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा लेथवर लाकूड कातले.

आमचे कळंब इंदापूर तालुक्यातले. शेजारीच वालचंदनगर. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा केला. पुढे तिथे यंत्रे होऊ लागली, इस्रोच्या रॉकेटचे भागही झाले. त्यामुळे आमच्याकडे आळीत एखादा तरी टर्नर सापडतोच. माझा धाकटा मावसभाऊ त्यातलाच. निवृत्तीनंतर त्याने पडवीत लाकडासाठी छोटा लेथ बसवला आहे.

"अण्णा, लाटणे करा. सोपे असते," तो म्हणाला.

कडुनिंबाचा हातभर तुकडा घेतला. दोन्ही टोकांवर कर्ण काढून मध्य शोधला; इथे मास्तरकी कामाला आली. कडा तासून लाकूड लेथमध्ये अडकवले. सदऱ्याच्या बाह्या वर, उपरणे खुंटीला. बटण दाबले आणि मी पटाशी सरळ लाकडात खुपसली. धाडकन आवाज झाला, पटाशी उसळली आणि लाकूड निसटून कणगीवर जाऊन आदळले.

"आधी पटाशी टेकणीवर टेकवायची. मग तिची पाठ लाकडाला लावायची. मग मूठ हळूच उचलायची, म्हणजे धार आपोआप लागते," त्याने समजावले. तसे केल्यावर खरोखरच ढलप्या निघू लागल्या. पण एके ठिकाणी खोल गेले की बाकीचे त्याच्या बरोबरीला आणायचे, या नादात लाकूड बारीक होत गेले.

तेवढ्यात वीज गेली. मी हात झटकले, पण मावसभावाने मोटारीचा पट्टा काढला, लाकडाला दोराचे दोन वेढे दिले आणि दोन्ही टोके माझ्या हातात दिली. "जुन्या पद्धतीने करू. तुम्ही ओढा, मी काततो."

ही पद्धत किती जुनी! इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याचे थडगे आहे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरचे. त्याच्या भिंतीवर लेथ कोरलेला आहे. एक माणूस लाकडाला गुंडाळलेला पट्टा ओढतो आहे, दुसऱ्याच्या हातात हत्यार आहे. आपला कातारीही असेच काम करी. मराठीत सूतही काततात आणि लाकूडही; संस्कृत 'कर्तन' शब्दालाही कापणे आणि कातणे असे दोन्ही अर्थ आहेत. 'कातीव' शब्द याच कामातला.

दोर एका बाजूने ओढला की लाकूड सुलट फिरते, दुसऱ्या बाजूने ओढला की उलट. धार सुलट फेरीतच लागते. उलट फेरीत पटाशी किंचित मागे घ्यावी लागते. म्हणजे दोघांचा ताल जुळलाच पाहिजे. "अण्णा, ताल सोडू नका!" मावसभाऊ सारखा ओरडत होता. दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. एकदा लक्ष उडाले, दोराला हिसका बसला आणि लाटणे मध्येच मोडले.

पुढे युरोपात दोर ओढायचे काम कातणाऱ्याच्या पायाकडे गेले, मग वाफेकडे, मग विजेकडे. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने हत्यारही लोखंडी सरकत्या बैठकीत घट्ट बसवले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतले शिक्षक. त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली, तिचे लेथ देशभर गेले. या इतिहासात यंत्र करणाऱ्यांची नावे आहेत. दोर ओढणाऱ्याचे कुठेच नाही.

मला एक पोरगा आठवला. १९७४ साली मी एका गावी नवा मास्तर होतो. बाजाराच्या दिवशी तिथे एक कातारी बसे. रवी, लाटणी, भोवरे करी. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता आणि बाजारच्या दिवशी हमखास गैरहजर. एकदा मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणालो, "दोर ओढायला डोके लागत नाही. बैलसुद्धा ओढतो." पोरे हसली. तो खाली मान घालून उभा राहिला. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो नाही. हजेरीपत्रकात 'गै' लिहीत राहिलो आणि पुढे नाव कमी केले.

मुलाने शाळेत यायला हवे होते, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी मी जे बोललो ते मुळात खोटे होते. डोके लागते. बापाच्या हाताकडे नजर ठेवून ताल सांभाळावा लागतो, नाहीतर वस्तू मोडते. अकरा वर्षांच्या पोराला येत होते ते मला चौऱ्याहत्तरीत दहा मिनिटे जमले नाही.

असो. मोडलेल्या तुकड्याचा मावसभावाने भोवरा करून दिला. सौ. म्हणाली, "आता पोळ्या यावर लाटू का?" भोवरा माझ्या टेबलावर आहे. तो पोरगा आता साठीपार असेल. तुमच्या घरी कातारकामाची जुनी रवी किंवा लाटणे असेल, तर एकदा हातात घेऊन बघा. ते दोघांनी मिळून केलेले असते.