डिस्क शाबूत, दुभाष्या गायब

आजची गोष्ट जयपूरच्या सिविल लाइंसमधली. राज्यपालांचं आणि मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान याच भागात आहे. तिथल्या एका छोट्या कार्यालयात मी जुन्या सर्व्हरवर रेड हॅट लिनक्सची ८ वी आवृत्ती टाकायला बसलो होतो. इन्स्टॉलर म्हणाला, डिस्क सापडत नाही. समोर तर चारही डिस्कचे हिरवे दिवे लुकलुकत होते. हिशेब सांभाळणाऱ्या मराठी काकूंनी विचारलं, "दादा, सगळ्या वर्षांचे हिशेब गेले का हो?"

गेले नव्हते. पण का दिसत नव्हते, हे कळायला आपल्याला १९८८ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा आणि थोडी जादा माहिती ठेवा, म्हणजे एक डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर परत काढता येतो. हेच 'रेड'.

ही बांधणी करायला दोन वाटा निघाल्या. एक सॉफ्टवेअरची, दुसरी स्वतंत्र कार्डाची. पुण्यात या दोन्ही वाटांवरच्या कंपन्यांची केंद्रं होती: व्हेरिटास पहिल्या वाटेवरची, एलएसआय दुसऱ्या.

कार्डावर स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी असते. चार डिस्क जोडून ते संगणकाला एकच मोठी डिस्क दाखवतं. मात्र प्रत्येक कंपनीच्या कार्डाची बोली वेगळी, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. तोच ड्रायव्हर. विंडोज एक्सपी टाकताना एफ६ दाबून फ्लॉपी घालावी लागायची, आठवतं? त्या फ्लॉपीत हाच दुभाष्या असायचा.

पुढे कार्डांचे मालक बदलत गेले. अमेरिकन मेगाट्रेंड्सचं मेगारेड २००१ मध्ये एलएसआयकडे गेलं, २००९ मध्ये थ्रीवेअरही तिथेच आलं. २०१४ मध्ये एलएसआय अवागोची झाली, आणि २०१६ मध्ये अवागोनं ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचंच नाव लावलं. कार्ड मात्र आपल्या सर्व्हरमध्ये होतं तिथेच.

मग मे २०१९ मध्ये रेड हॅटची ८ वी आवृत्ती आली. एक आवृत्ती दहा वर्षं सांभाळायची, तर तिच्यातला प्रत्येक ड्रायव्हरही तपासत राहावा लागतो. या आवृत्तीतून बरेच जुने ड्रायव्हर काढून टाकले गेले. त्यात थ्रीवेअरचे होते, आणि काकूंच्या सर्व्हरमध्ये थ्रीवेअरचंच कार्ड होतं. गंमत अशी, की लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये हा ड्रायव्हर शिल्लक होता. रेड हॅटनं फक्त आपल्या बांधणीत तो घेतला नव्हता. एलरेपो नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पानं तो वेगळा बांधून उपलब्ध करून दिला.

मी आधी ७ व्या आवृत्तीवरून सर्व्हर चालू केला. डिस्क दिसली. सगळे हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवले, काकूंना उघडून दाखवले, आणि त्यानंतरच नव्या आवृत्तीला हात लावला.

तुमच्याकडे असा सर्व्हर असेल तर अपग्रेडच्या आधी एलएसपीसीआय ही आज्ञा चालवा, कार्डाचं नाव लिहून घ्या आणि नव्या आवृत्तीच्या काढलेल्या ड्रायव्हरांच्या यादीशी ताडून पाहा. आणि रेडला बॅकअप समजू नका. रेड डिस्क मेल्यावर वाचवतं. दुभाष्या गेला तर त्याचा काही उपयोग नाही.