कुंपणाला कुलूप

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाभोवती दोन-चार तरी संगणकवाले हमखास सापडतात. त्यांच्या तोंडी 'कर्नल' शब्द आला की इतरांना फौजेतले कर्नलसाहेब आठवतात. पण हा कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची, हे तोच ठरवतो. मग त्याच्याच मेमरीत कोणी खाडाखोड केली तर? कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची?

चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकाला ही भीती नव्हती. एमआयटीत आखलेल्या त्या संगणकाचे प्रोग्राम मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थम येथील रेथिऑनच्या कारखान्यात स्त्रिया अक्षरशः विणत. तार चुंबकीय कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. अशी ३६,८६४ शब्दांची विणलेली मेमरी आणि पुसता येण्याजोगी अवघी २,०४८ शब्दांची! प्रोग्राम बदलायचा तर वीण नव्याने घालणे आले.

पुढे पुसता येणारी मेमरी स्वस्त झाली. प्रोग्राम आणि माहिती एकाच जागी नांदू लागली. सोय झाली, पण दारही उघडे राहिले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या 'वर्म'ने हजारो संगणक बेजार केले. त्याची एक युक्ती अशी, की ठरल्या जागेत मावणार नाही एवढी माहिती पाठवायची आणि ती सांडून आज्ञा म्हणून चालवून घ्यायची.

मेमरीच्या पानावर 'फक्त वाचा' असा शिक्का मारण्याची सोय इंटेलच्या १९८५ च्या ३८६ चिपमध्ये होती. पण तो नियम सामान्य प्रोग्रामांपुरता होता. कर्नल त्याला जुमानत नसे. कर्नललाही तो बंधनकारक करण्याची सोय १९८९ च्या ४८६ चिपने दिली. तरीही लिनक्सने स्वतःची न बदलणारी माहिती कुलूपबंद करण्याची सोय केली ती २००६ मध्ये, आणि तीही चुका शोधण्याचे साधन म्हणून! इंटेल घराण्याच्या चिपवर ती सक्तीची व्हायला २०१६ उजाडले.  त्याच वर्षी आणखी एक सुधारणा झाली: संगणक सुरू होताना एकदाच लिहिली जाणारी माहिती नंतर कायमची मोहोरबंद करता येऊ लागली.

कुलूप आले म्हणजे चोरी संपली असे मात्र नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' नावाची चूक उघडकीस आली. तिच्यामुळे सामान्य वापरकर्त्यालाही केवळ वाचायला दिलेल्या फाइलीत लिहिता येई, आणि ती लिनक्समध्ये २००७ पासून दडून होती. शिवाय कर्नलच्या कुलपाची किल्ली कर्नलकडेच असते. म्हणून विंडोज १० मध्ये ती त्याच्याही खालच्या थराकडे सोपवण्याची सोय आली.

अनेक मंडळांत चेकवर दोघांच्या सह्या लागतात. खजिनदारावर अविश्वास असतो म्हणून नव्हे. उद्या त्याच्या हातून चूक झाली, किंवा कोणी त्याचाच हात धरून सही करवली, तरी मंडळाची पुंजी शाबूत राहावी म्हणून. आपल्या संगणकांच्या गाभ्याला हे शहाणपण यायला मात्र बरीच वर्षे लागली.