वीस हजार डॉलरचं घर

घरकुलाच्या अडकलेल्या हप्त्यांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं लिहितोय. आज जरा लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची.

हेल काउंटी हा तिथला जुना कापूस पट्टा. गुलामगिरी कायद्याने संपली, पण वाट्याने शेती कसणाऱ्या काळ्या कुटुंबांची गरिबी हटली नाही. गळकी खोपटी, काहींना संडासही नाही. आणि हे अमेरिकेत बरं का!

1993 मध्ये ऑबर्न विद्यापीठातल्या सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन प्राध्यापकांनी इथे 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. आर्किटेक्चरची पोरं कॅम्पस सोडून इथे राहायला येणार, घराचं डिझाइन करणार आणि स्वतःच्या हातांनी ते बांधणारही. 1994 मध्ये मेसन्स बेंड या वस्तीत त्यांचं पहिलं घर उभं राहिलं. भिंती दाबून बांधलेल्या गवताच्या गासड्यांच्या, वरून प्लास्टर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पुढे त्याच वस्तीत भंगारातल्या गाड्यांच्या समोरच्या काचा वापरून समाजमंदिर झालं. एका घराच्या भिंती तर 72 हजार जुन्या कार्पेट टाइल्स रचून केल्या.

फोटो जगभर छापून आले. मॉकबी 2001 च्या शेवटी ल्युकेमियाने गेले, तोवर मोठे पुरस्कारही मिळाले होते. पण मला विचाराल तर खरा इतिहास त्यानंतरचा आहे.

कारण अशी घरं वर्षाला किती होणार? एखाद-दोन. गरजू हजारो. शिवाय गरिबाचं घर म्हणजे विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा का, हा प्रश्नही रास्तच. मॉकबींच्या जागी आलेल्या अँड्र्यू फ्रीअर यांच्या काळात, 2005 मध्ये, पोरांना उलटं गणित घातलं. सरकारी पेन्शनवर जगणारा म्हातारा माणूस महिन्याला किती हप्ता फेडू शकेल? त्यावरून आकडा निघाला, वीस हजार डॉलर. साधारण 12 हजारांचं सामान, उरलेल्यात मजुरी आणि ठेकेदाराचा नफा. म्हणजे पोरं बांधणार ते नमुन्याचं घर. पुढे तेच गावातल्या ठेकेदाराने बांधावं आणि त्यातून गावात मजुरी यावी.

दरवर्षी नवी तुकडी आधीच्यांची चूक शोधायची. लाकूड कुठे वाचेल, ओटा किती रुंद हवा, वारा आरपार कसा जाईल. घर लहान, पण दारात ओसरी हवीच. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे न सांगता कळेल.

मग घोडं अडलं कुठे? बांधकामात नाही, कागदावर. इतक्या लहान कर्जात बँकेला रस नसतो, कारण वीस हजारांच्या कर्जाला आणि दोन लाखांच्या कर्जाला कागदपत्रांचा खर्च जवळपास सारखाच. नियमही मोठ्या घरांच्या हिशेबाने लिहिलेले. सामान महागलं तसा वीस हजारांचा आकडाही मागे पडला, नाव तेवढं राहिलं. त्यामुळे स्टुडिओची माणसं आता नकाशांइतकाच वेळ कर्ज, विमा आणि वीजबिलाच्या हिशेबात घालवतात.

आपल्या घरकुलाला सरकारकडून ठरलेले पैसे मिळतात. त्या पैशांत नक्की कसलं घर बसतं, याचं गणित कुठल्या कॉलेजच्या पोरांनी प्रत्यक्ष बांधून तपासलंय का? तुमच्या माहितीत असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, मी जाऊन बघून येतो.