पदरपिनेएवढा बिल्ला

श्रोतेहो, घरचा मुलगा लढाईवर गेला म्हणजे घरी काय राहते? त्याचे पत्र, त्याची मनिऑर्डर, फार तर एखादा फोटो. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या वर्षांत, इंग्लंडातल्या घरांत आणखी एक वस्तू दिसू लागली. तिचे नाव ‘स्वीटहार्ट ब्रोच’, म्हणजे जिवलगाची पिन.

ही पिन आपल्या पदराच्या पिनेएवढी. तिच्यावर सैनिकाच्या पलटणीचा बिल्ला लहान करून बसवलेला असे. नाव प्रियतमेचे खरे. पण आई ती लावी, बहीण लावी, बायको तर लावीच. ज्याची ऐपत असेल तो सोन्याची घेई, कुणी चांदीची, कुणी साध्या पितळेची. कुठे रंगीत मीना भरलेला, तर कुठे शिंपल्याच्या चकतीवर बिल्ला जडवलेला. काही वेळा कोटाच्या पितळी बटणालाच मागून पिन डाकवीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात पर्स्पेक्स नावाच्या, विमानाच्या खिडक्यांना लागणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे घासूनही असे दागिने झाले.

प्रत्येक पलटणीची खूण निराळी. नॉरफोक पलटणीची ब्रिटानिया देवी, तर डॉर्सेट पलटणीचा जिब्राल्टरचा किल्ला. पिन पाहिली की मुलगा कोणत्या पलटणीत आहे ते कळे. तो कुठे आहे आणि कशात आहे, हे मात्र पिन सांगत नसे.

आता हे ऐका. या दोन्ही पलटणींची एकेक बटालियन तेव्हा हिंदुस्थानच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. नॉरफोकवाले ११० व्या मराठा पलटणीबरोबर बेळगाव ब्रिगेडमध्ये, डॉर्सेटवाले ११७ व्या मराठा पलटणीबरोबर पुणे ब्रिगेडमध्ये. १०३ वी मराठा पलटणही त्याच डिव्हिजनमध्ये. ही फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढत होती. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तिला टायग्रिस नदीकाठच्या कुत गावी वेढले. धान्य संपत आले. घोडे-खेचरे कापून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मामुळे ते मांस कित्येक दिवस नाकारले आणि उपास काढले. सोडवायला आलेली फौज पोहोचू शकली नाही. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. वाळवंटातली पायपीट आणि रेल्वेचे कष्ट हिंदी शिपायांच्याही वाट्याला आले.

म्हणजे पाहा, नॉरफोकमधल्या त्या पिनेमागे जी भूक आणि तहान होती, तीच आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायानेही सोसली. आपल्या खेड्यांत अशा पिनेची चाल नव्हती. आपल्या घरी आले ते पदक. आणि जो परतला नाही त्याच्या घरी जवळजवळ पाच इंच रुंदीची काशाची गोल पाटी. तिच्यावर नाव असे, हुद्दा नसे. मरणात सगळे सारखे, हा त्यातला अर्थ.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना विचारा, कुणाच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी जुने पदक आहे का? त्याची कड नीट पुसून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. ती पलटण कुठे लढली हे मग पुस्तकांतून शोधता येते. मोडीत घातले, तर धातूचे चार पैसे येतील. पण माणूस कायमचा पुसला जाईल.