कसर

'अंगात कसर आहे' हे वाक्य तुमच्या घरातही कधीतरी ऐकलं असेल. ताप म्हणावा एवढा नाही, पण अंग नेहमीसारखंही नाही. थर्मामीटरवर कसरीची वेगळी खूण नसते, त्यामुळे मला तो शब्द म्हणजे जुन्या बायकांचं काहीतरी वाटायचं.

मे महिना होता. अण्णांच्या किडनी ट्रान्सप्लांटचा तिसरा महिना चालू होता. किडनी आईची. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन मुरुमला येऊन राहिलो होतो. डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहिलं होतं, ताप 100.4 झाला तर लगेच कळवा. रात्री दोनच्या सुमाराला अण्णा म्हणाले, थंडी वाजतीय. मुरुमला, मे महिन्यात. लॉकडाऊनमध्ये घेतलेली थर्मामीटरची गन कपाळासमोर धरली: 98.1. परत धरली: 97.9. हॉस्पिटलला फोन केला. पलीकडून आकडा विचारला आणि सकाळी बघू म्हणाले. आकडा खरा असता, तर त्यांचं म्हणणंही बरोबरच होतं.

आवाजानं आज्जी उठून आली. तिनं कपाळाला हात लावलाच नाही. बनियनखाली हात घालून पोटावर ठेवला आणि म्हणाली, "कसर हाय रं लेकरा. चांगलीच हाय." मग तिच्या डब्यातला पाऱ्याचा जुना थर्मामीटर काढला आणि अण्णांच्या जिभेखाली ठेवला. 100.8.

एकाच माणसाचे दोन आकडे, मध्ये जवळपास तीन अंशांचा फरक. नळदुर्गवरून सोलापूरला जाताना गाडीत मी हाच विचार करत होतो, की हे 100.4 मुळात ठरवलं कुणी?

उत्तर जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सापडतं. कार्ल वुंडरलिश या डॉक्टरानं 1868 मध्ये तापावरचं पुस्तक काढलं. सुमारे 25,000 रुग्ण, दहा लाखांवर नोंदी. थर्मामीटर फूटभर लांब, काखेत पंधरा-वीस मिनिटं धरायचा. (सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर थॉमस क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरानं नुकताच बनवला होता.) वुंडरलिशनं निरोगी माणसासाठी 37 सेल्सिअस सांगितलं आणि 38 ही वरची मर्यादा. 37 चं फॅरनहाइट केलं की 98.6 येतं आणि 38 चं 100.4. म्हणजे तो दशांश चिन्हापुढचा आकडा मोजून आलेला नाही, गुणाकारातून आलाय. इंटीजरला फ्लोट केलं की अचूकता वाढत नाही, हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. वुंडरलिशनं स्वतः एका आकड्यावर भर दिला नव्हता. पहाटे अंग थंड असतं, संध्याकाळी गरम, हे त्यानं नीट लिहून ठेवलंय. लोकांनी 98.6 तेवढं लक्षात ठेवलं.

1992 मध्ये अमेरिकेतल्या फिलिप मॅकोवियाक यांनी 148 निरोगी माणसांचं तापमान तोंडातून मोजलं. सरासरी आली 98.2. फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये वुंडरलिशचा एक थर्मामीटर ठेवलेला आहे, तोही त्यांनी तपासला. तो दीड-दोन अंश सेल्सिअस जास्तच दाखवत होता! बग उपकरणातच होता, आणि तो सव्वाशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू होता.

साध्या माणसाला यानं काही फरक पडत नाही. तुम्हाला ताप आला की अंग स्वतःच ओरडून सांगतं. ट्रान्सप्लांट झालेल्याचं तसं नसतं. वुंडरलिशच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचं प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या काळात दुसऱ्याचा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून हाताशी मुख्यतः स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन होतं. सायक्लोस्पोरिन 1980 च्या दशकात आलं आणि चित्र पालटलं. पण औषध कुठलंही असो, काम एकच: प्रतिकारशक्तीला झोपवायचं. ताप हा त्याच प्रतिकारशक्तीचा आवाज. ती झोपली की जंतू घरात शिरले तरी अलार्म हळू वाजतो, कधी वाजतच नाही. वुंडरलिशचे रुग्ण असली औषधं खात नव्हते, आणि आपण त्याचीच रेघ अण्णांना लावतो.

त्यात मोजायची जागा. ऑपरेशननंतर आयसीयूत फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत नळी असेल, तर तिथलं तापमान सगळ्यात खरं मानतात. 1970 मध्ये स्वान आणि गँझ यांनी ती नळी पुढे आणली. घरी ते शक्य नाही. गुदद्वारातलं माप आतल्या तापमानाच्या बरंच जवळ जातं, पण बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात, तिथं बारीक जखमेतूनही इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणून ते टाळतात. कानातलं माप मेण आणि नेम यावर अवलंबून. काखेतलं तोंडापेक्षा कमी येतं. आणि कपाळाची गन फक्त कातडी बघते. मॉलच्या दारात 94 दाखवून आत सोडलेली सगळी जनता मला आठवते.

ताप चढत असताना शरीर उष्णता राखायला कातडीकडचं रक्त आत ओढून घेतं. म्हणून थंडी वाजते, हातपाय गार पडतात, कपाळही फार तापत नाही. त्या रात्री वर कूलरचा झोत होता. गननं कपाळाचं तापमान कदाचित बरोबरच सांगितलं असेल. प्रश्न आम्ही चुकीच्या जागेला विचारला होता. आज्जीनं पोटाला हात लावला तो याचमुळे, असं मी म्हणणार नाही. तिला तिच्या आईनं तसं शिकवलं होतं, एवढंच.

2015 मध्ये कॅनडाच्या डॅनियल निव्हन आणि सहकाऱ्यांनी 75 अभ्यास एकत्र करून पाहिले. तोंड, काख, कान, कपाळ अशा बाहेरून मोजणाऱ्या पद्धतींनी खरा ताप असलेल्या 100 जणांपैकी साधारण 64 जणांनाच पकडलं. ताप नसलेल्यांना मात्र 100 पैकी 96 वेळा बरोबर सोडलं. म्हणजे थर्मामीटर ताप आहे म्हणाला तर विश्वास ठेवा. नाही म्हणाला तर, आणि घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट असेल तर, थोडं थांबून परत मोजा, दुसऱ्या जागी मोजा, आणि फोनवर आकड्याच्या आधी थंडी वाजतीय हे सांगा. मी ते आकड्याच्या नंतर सांगितलं होतं, आणि तेही फोन ठेवता ठेवता.

अण्णांना लघवीचं इन्फेक्शन होतं. दहा दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक, मग घरी. क्रिएटिनिन थोडं वाढलं होतं, ते परत खाली आलं.

पाऱ्याचे थर्मामीटर आता बाजारातून जवळजवळ गेलेत. पारा विषारी, ते जायलाच हवेत. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरूनच 2001 मध्ये बंद पडला. आज्जीचा फुटू नये म्हणून मी डिजिटल आणून दिला. सोबत एक शीट बनवली: तारीख, वेळ, आकडा. आईनं त्यात 'जागा' हा कॉलम घालायला लावला. आज्जीनं आणखी एक मागितला. कालची नोंद: संध्याकाळी सात, 98.4, तोंड. आज्जीचा हात: काही नाही.